यातलं खरं छान कोणतं?

वाचकाचे पत्र:

मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. वर्गात २७ मुले आहेत. गणितात ९२ गुण आणल्यावर ‘आठ कुठे सांडले?’ असे विचारणाऱ्या वडिलांच्या धाकात मी वाढले. म्हणून नोकरी लागली तेव्हाच ठरवले होते, की माझ्या वर्गातले एकही मूल कौतुकावाचून राहणार नाही. गेली १९ वर्षे प्रत्येक वहीवर मी ‘छान’, ‘खूप छान’, ‘उत्तम’ असा शेरा देत आले आहे. गेल्या महिन्यात एक मुलगा वही घेऊन टेबलाशी आला, त्याने दोन पाने उलटून दाखवली आणि म्हणाला, ‘बाई, दोन्हीवर छान लिहिलंय. यातलं खरं छान कोणतं?’ मी ‘दोन्ही छान आहेत’ म्हणाले. त्याने वही मिटली आणि जागेवर जाऊन बसला. तेव्हापासून लाल पेन हातात घेतले की मी अडखळते. कौतुक करणे बंद करावे का? सहकारी म्हणतात, मुले खचतील. आणखी एक. आमच्या मुख्याध्यापकांचा ‘सर्वांचे हार्दिक अभिनंदन, अप्रतिम कार्य’ असा संदेश शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज येतो आणि मला त्याचे काहीच वाटत नाही. मीच कोडगी झाले आहे का? त्या दोन पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.
— एक बाई

उत्तर:

प्रिय बाई,
स. न. वि. वि.

पाकिटातून आधी त्या दोन झेरॉक्सच बाहेर आल्या, त्यामुळे तुमच्या पत्राच्या आधी मी त्या वाचल्या. जूनच्या पानावर ‘पावसाळा’ हा निबंध आहे. त्यात पावसाळा हा मुलाचा आवडता ऋतू आहे, सृष्टी हिरवा शालू नेसली आहे, मोर थुईथुई नाचत आहेत आणि बळीराजा सुखावला आहे. अक्षर मोत्यासारखे आहे आणि चूक एकही नाही. निबंधाच्या तयार पुस्तकातून हा मजकूर उतरवला आहे हे सांगायला मोठ्या परीक्षकाची गरज नाही. आपल्या पिढीनेही हाच शालू याच सृष्टीला नेसवलेला आहे. ऑगस्टच्या पानावर ‘पावसातला एक दिवस’ आहे, चौदा ओळी आहेत आणि त्यांत ऱ्हस्वदीर्घाच्या निदान नऊ चुका आहेत. पण तिसऱ्या ओळीपासून पुढे मुलगा लिहितो (शुद्धलेखन मी सुधारून घेतले आहे): ‘पाऊस आला की आजी आधी पातेली मांडते. लहान पातेल्यात टप वाजतं आणि मोठ्यात टुप वाजतं. पातेलं भरत आलं की आवाज बदलतो, मग आजीला न बघता कळतं.’

ही तीन वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली. भांडे भरत आले की त्याचा आवाज बदलतो, हे नळाखाली कळशी धरणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला ठाऊक असते, पण ते लिहून ठेवावे असे फार थोड्यांना सुचते. गळक्या कौलांखालच्या घरात बसून या मुलाने ते ऐकले, आजीला ते कसे उपयोगी पडते हे पाहिले आणि कागदावर उतरवले. त्याखाली लाल शाईत तुमचे ‘छान’ आहे. हिरव्या शालूखालीही तेच ‘छान’ आहे आणि अक्षराचे वळणसुद्धा तेच आहे.

त्यामुळे मुलाने विचारलेला प्रश्न मला तक्रारीचा वाटत नाही. एक पान उतरवलेले आहे आणि एक आपले आहे, हे त्याला पक्के माहीत होते. तो फरक बाईंनाही दिसला का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते, आणि ‘दोन्ही छान आहेत’ या तुमच्या उत्तरातून त्याला ते कळले. तुम्ही खोटे बोललात असे मी म्हणणार नाही. तुम्ही वाचले नव्हते, इतकेच झाले. २७ वह्या, मधली सुट्टी संपत आलेली आणि पोषण आहाराची नोंद अजून बाकी, अशा वेळी कोण वाचतो? परंतु जो शेरा न वाचता देता येतो त्याला कौतुक म्हणता येत नाही, ती पोच असते.

आपल्या भाषेने याबाबतीत बरीच समज राखून ठेवली आहे असे मला नेहमी वाटते. ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला आणि तिकडे त्याचा अर्थ न्याय असा आहे. म्हणूनच आपण कचेरीत दाद मागतो, कुणी दाद घेत नाही म्हणून हताश होतो, आणि त्याच शब्दाने गवयाला दादही देतो. न्याय करायचा तर आधी प्रकरण ऐकून घ्यावे लागते. मैफलीत भलत्या ठिकाणी ‘वा, वा’ म्हणणारा श्रोता गाणाऱ्याला गप्प बसलेल्या श्रोत्यापेक्षा जास्त खुपतो, कारण तो ऐकत नाही हे त्याच्या ‘वा’मुळेच उघड होते. ‘कौतुक’ हा शब्द संस्कृतातला आहे आणि मुळात त्याचा अर्थ कुतूहल, नवल असा होता. पुढे मराठीत त्याला प्रशंसेचा आणि लाडाचा अर्थ चिकटला, पण ज्याचे कौतुक करायचे त्याच्याविषयी आधी कुतूहल वाटायला हवे, ही त्या शब्दाची जुनी अट अजून सुटलेली नाही. उलट ‘तोंडदेखली स्तुती’, ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ आणि ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ हे सगळे न पाहता केलेल्या प्रशंसेचे पंचनामे आहेत.

येथे माझी एक जुनी चूक सांगतो, कारण ती तुमच्या चुकीहून महाग पडली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारे एक गृहस्थ आपल्या ८६ कवितांचे बाड घेऊन माझ्याकडे आले आणि प्रस्तावना मागू लागले. मी त्यांतल्या दहा-बारा कविता चाळल्या. त्या मला सामान्य वाटल्या, परंतु समोरचा माणूस भिडस्त आणि सज्जन होता, त्यामुळे ‘नाही’ म्हणवेना. ‘या कवीच्या शब्दांना मातीचा सुगंध आहे’ अशा चालीवर मी दोन पाने लिहून दिली. त्या दोन पानांच्या भरवशावर त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि ५०० प्रती छापल्या. तीन वर्षांनी दिवाळीत ते भेटायला आले तेव्हा बहुतेक प्रती त्यांच्या माळ्यावर होत्या. मला त्यांनी दोष दिला नाही. चहा पिता पिता ते एवढेच म्हणाले, ‘सर, तुमच्या प्रस्तावनेत एकाही कवितेचं नाव नाही, हे माझ्या पुस्तक छापून झाल्यावर लक्षात आलं.’

ते गेल्यावर मी ते पुस्तक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. त्यात दोन कविता खरोखर चांगल्या होत्या. एकीत काट्यासमोर रात्रभर खोळंबलेल्या बैलगाड्या होत्या, थंडीत बैलांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ होती आणि गाडीखाली पोत्यावर झोपलेला गाडीवान होता, ज्याला नंबर आला की बैलच हुंकारून उठवत असत. हे त्या माणसाशिवाय कुणी लिहू शकले नसते, कारण ते त्यानेच पाहिले होते. मी तेव्हा नीट वाचले असते, तर ‘या दोन ठेवा, अशाच आणखी लिहा, पुस्तकाची घाई नको’ असे सांगू शकलो असतो. माझ्या पोकळ प्रशंसेने त्यांचे कर्ज तर वाढवलेच, शिवाय त्यांच्या हक्काची दादही गिळली. पोकळ कौतुकाचा हा दुसरा तोटा सहसा कुणी मोजत नाही. सगळ्याच ८६ कवितांना मातीचा सुगंध आहे असे ठरले, की त्या दोन कुठे आहेत हे कवीलाही कळेनासे होते. तुमच्या विद्यार्थ्याच्या टप आणि टुपचे हेच होण्याच्या बेतात आहे. दोन्ही पानांना सारखाच शेरा मिळत असेल, तर शहाणा मुलगा पुढच्या वेळी सोपे पान निवडील आणि पुस्तकातला शालू उतरवील. त्यात ऱ्हस्वदीर्घाचा धोकाही नाही.

आता सहकाऱ्यांच्या भीतीकडे येतो. कौतुकावाचून मुले कोमेजतात, हे खरे आहे. ‘आठ कुठे सांडले’ ऐकत वाढलेल्या तुम्हाला ते मी सांगायला नको. परंतु कोणत्याही कौतुकाने ती फुलतात, हे खरे नाही, आणि हे आता केवळ अनुभवाचे बोल राहिलेले नाहीत. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. सोपी कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार दिसतोस’ असे सांगितले गेले आणि काहींना ‘तू मेहनत केलेली दिसते’ असे. पुढे अवघड कोडी दिल्यावर हुशारीची शाबासकी मिळालेली मुले लवकर कंटाळली, आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी आधीपेक्षा घसरली. आपले गुण दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा या गटातील ३८ टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. हुशार हे बिरुद एकदा लागले, की ते सांभाळण्यासाठी दहा वर्षांचे मूलही खोटे बोलते, हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. मात्र ‘मेहनत केलीस’ हाही शिक्का होऊ शकतो, हे विसरू नका. ज्या मुलाने मेहनत केलेलीच नाही त्याला तो लगेच ओळखू येतो. पुढे ड्वेकबाईंनीच शिक्षकांना याबद्दल सावध केले.

तुमच्या प्रश्नाला याहून जवळचा प्रयोग नेदरलँड्समधील आहे. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आठ ते बारा वर्षांच्या २४० मुलांना व्हॅन गॉग यांचे रानगुलाबांचे चित्र पाहून काढायला सांगितले होते. नंतर एका चित्रकाराच्या नावाने चिठ्ठी आली. काहींच्या चिठ्ठीत ‘सुंदर चित्र’ होते, काहींच्या चिठ्ठीत ‘कमालीचे सुंदर चित्र’ होते आणि काहींच्या चिठ्ठीत प्रशंसाच नव्हती. पुढचे चित्र सोपे हवे की अवघड, असे विचारल्यावर ज्या मुलांना स्वतःविषयी मुळातच कमी खात्री होती, ती ‘कमालीचे’ वाचून सोप्याकडे वळली, तर साध्या ‘सुंदर’ने त्यांचे धैर्य टिकले. एवढ्या उंच चढवून ठेवले की पडायची भीती वाटणारच! यातली मला सर्वांत बोचलेली बाब अशी, की याच अभ्यासात मोठी माणसे अशी फुगवलेली शाबासकी नेमकी स्वतःविषयी खात्री नसलेल्या मुलांनाच अधिक देताना आढळली. आपण ती दयेपोटी देतो, आणि ज्याला आधार द्यायचा त्याचेच पाय लटपटतात.

तेव्हा कौतुक बंद करू नका, पण २७ शेरे बंद करा. रोज पाचच वह्या खरोखर वाचा आणि त्या पाचांवर एकेक पूर्ण वाक्य लिहा. उरलेल्या बावीस वह्यांवर फक्त सही आणि तारीख टाका. सोमवार ते शनिवार या सहा दिवसांत सगळा वर्ग पुरा होईल. सही-तारखेत काही कमीपणा नाही. ‘वही माझ्या हाताखालून गेली’ एवढेच ती सांगते, आणि ते खरे असते. वाक्य लिहिताना एक ताळा करून पाहा: हेच वाक्य शेजारच्या मुलाच्या वहीवर तसेच चालेल का? चालत असेल, तर ते पुसून दुसरे लिहा. ‘भागाकारात बाकी उरल्यावर तू उलट गुणून पाहिलेस, ते मला आवडले’, ‘काल तीन ओळी होत्या, आज पाच आहेत, आणि पाचवीत तुझ्या बकरीचे नाव आले आहे’, अशी साधी वाक्ये पुरतात. ज्या वहीत कौतुक करण्याजोगे काहीच दिसत नाही तिथे तुम्ही काय पाहिले ते लिहा, किंवा एखादा प्रश्न विचारा. मुलाला त्यात अपमान वाटत नाही. आपल्या वहीवर कुणीतरी थांबले होते, हे त्याला पोचते. चूक असेल तर तीही त्याच शाईत दाखवा. ऱ्हस्वदीर्घ सुधारले म्हणून टप आणि टुपची दाद कमी होत नाही.

एक मात्र टाळा. एका मुलाची वही उंच धरून ‘बघा, असं लिहायचं असतं’ असे वर्गाला सांगू नका. त्या मुलाच्या कौतुकाची छडी होऊन ती बाकी सव्वीस जणांना लागते, आणि मधल्या सुट्टीत तिचा हिशेब त्या एकाशी चुकता केला जातो. वहीतले वाक्य वहीतच राहू द्या.

हे सगळे तुम्हाला नवे वाटायला नको, कारण तुमच्या खात्याने कागदावर तरी हेच मागितलेले आहे. राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यासोबत ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ अशा रकान्यांतल्या वर्णनात्मक नोंदी आल्या. प्रत्येक मुलाकडे वेगळे पाहावे यासाठीच ती योजना होती. तिचे पुढे काय झाले, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत फिरू लागल्या आणि राज्यभरातील असंख्य मुले एकाच वेळी ‘शालेय शिस्त आत्मसात करतो’ झाली. यात मी शिक्षकांना फार दोष देत नाही, कारण भरायचे रकाने वाढले आणि पाहायला लागणारा वेळ कुणी वाढवून दिला नाही. तरीही या सत्रात त्या मुलाच्या विशेष प्रगतीच्या रकान्यात ‘आवाजांतील फरक टिपून लिहितो’ असे लिहून पाहा. यादीत न सापडणारी ती एक नोंद लिहायला तुम्हाला अर्धे मिनिट लागेल.

मुख्याध्यापकांविषयी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोडग्या झालेल्या नाही. गटावरचे ‘हार्दिक अभिनंदन’ हा शिष्टाचार आहे आणि त्याला रामराम-नमस्काराच्याच पंक्तीला बसवावे. नमस्कारात मनापासूनचे काय आहे असे आपण शोधत बसत नाही, आणि त्याचा रागही धरत नाही. हात जोडल्याचे चिन्ह टाकावे आणि पुढे जावे. आपले काम कुणीतरी पाहावे असे तुम्हाला वाटते आहे, आणि ते वाटणे रास्त आहे. मग तसे त्यांना सांगा: ‘सर, गुरुवारी तिसऱ्या तासाला वर्गात येऊन पंधरा मिनिटं बसाल का?’ येऊन बसलेला माणूस काही ना काही पाहतोच, आणि त्यानंतर तो जे बोलेल ते, अगदी टीका असली तरी, गटावरच्या संदेशाहून तुम्हाला अधिक लागू पडेल. दरम्यान शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना तुम्ही स्वतः कधी काही म्हणाला आहात का, तेही आठवून पाहा. ‘मावशी, जेवण छान होतं’ हे त्यांना रोजच ऐकू येत असेल. ‘आज वाटाणा अगदी मऊ शिजला होता, रात्रीच भिजत घातला होता का?’ असे विचारलेत, तर त्या हातातला डाव खाली ठेवून बोलू लागतील.

वडिलांचाही उल्लेख तुम्ही केला आहे. त्यांचे वागणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. मूल शेफारेल, दृष्ट लागेल, तोंडावर स्तुती करू नये, अशा समजुतींत वाढलेली ती पिढी होती आणि त्या समजुतींनी पुष्कळ मुलांना उपाशी ठेवले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आठ सांडले हे सांगण्यापुरती तरी तुमची गुणपत्रिका त्यांनी वाचली होती. बाकीचे ९२ सांगायचे त्यांच्याकडून राहून गेले आणि तुम्ही आठही सांगत नाही. त्यांच्या सवयीतले वाचणे तेवढे घ्या, बाकीचे त्यांच्यापाशीच राहू द्या.

आता त्या मुलाचे. महिना उलटला म्हणून प्रश्न शिळा झाला असे समजू नका. मुले असे प्रश्न विसरत नाहीत, फक्त पुन्हा विचारत नाहीत. त्याला सगळ्यांसमोर बोलावू नका. वर्ग मैदानावर गेला असेल तेव्हा त्याच्या बाकावर शेजारी बसा, वही मागा, आणि आधी हे सांगा की परवा बाईंनी नीट वाचले नव्हते, आता वाचले आहे. मोठ्या माणसाच्या तोंडून असे वाक्य त्याने बहुधा कधी ऐकलेले नसेल, त्यामुळे तो थोडा गोंधळेल, तेवढा वेळ त्याला द्या. मग ऑगस्टच्या पानावर बोट ठेवा आणि ‘हे’ म्हणा. का, ते त्याने विचारले तर पातेले भरत आल्यावर बदलणाऱ्या आवाजाचे सांगा. जूनच्या पानाविषयी त्याने विचारले तर तेही खरे सांगा: अक्षर सुरेख आहे, मजकूर तुझा नाही.

त्या दिवशी आजीने एकूण किती पातेली मांडली होती, हे त्याने लिहिलेले नाही. ते त्याला विचारा, आणि जमल्यास मलाही कळवा.